ढगाच्या बुडाखाली

"घ्या हो, आज कुणी नाही म्हणायचं नाही," असं म्हणत डॉ. रेगे पेढ्यांचा बॉक्स घेऊन शेडभर फिरत होते आणि नेमका तेव्हाच माझ्या आक्काचा फोन आला.

त्या वर्षी पावसाळाभर आमचा मुक्काम सोलापूरला होता. विमानतळाच्या कडेला पत्र्याची एक शेड, शेडमध्ये चार टेबलं, एक डुगडुगणारा कूलर आणि बाहेर उन्हात उभं असलेलं आमचं दोन पंख्यांचं छोटं विमान. आमचं काम म्हणजे उपग्रहाची उलटतपासणी. उपग्रह वरून जाता जाता सांगतो की अमुक गावावर इतका पाऊस पडतोय. आपण त्याच वेळी त्याच ढगात शिरायचं आणि तो खरं बोलतोय का ते बघायचं. विमानाच्या पंखांखाली बसवलेली यंत्रं समोर येणाऱ्या प्रत्येक थेंबाची सावली टिपायची. सावल्या मोजल्या की पाऊस कळायचा. त्या सावल्या मोजणारी मी. माझी डॉक्टरेट ढगांची, पण पोट मात्र अस्सल जमिनीवरचं. विमान जरा हललं की मळमळायला लागायचं. म्हणून खिशात कायम आवळासुपारीची पुडी, आणि म्हणून आमचे वैमानिक कॅप्टन सरनोबत मला 'आवळाबाई' म्हणायचे.

त्या सकाळी अख्ख्या हंगामाचा आलेख भिंतीवर लागला होता. एक रेघ उपग्रहाच्या पावसाची, एक आमच्या पावसाची. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की वेगळ्या ओळखायला जवळ जावं लागत होतं. एवढी जुळणी आमच्यापैकी कुणीच आधी पाहिली नव्हती. आमच्या मोहिमेचे प्रमुख डॉ. रेगे एरवी आनंदसुद्धा दोनदा तपासून मग करणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी थेट पेढेच आणले.

"पितृपक्षात पेढे?" कॅप्टन म्हणाले. हवाई दलातून निवृत्त झालेला कोल्हापूरचा गडी, जिभेला कायम तिखट लागलेलं. "रेगेसाहेब, कावळ्याला एखादा ठेवलासा का?"

"कावळ्याला दोन ठेवतो, कॅप्टन. तुम्ही आधी तुमचा घ्या."

मी पेढा तोंडात टाकला आणि फोन उचलला.

"वैजे, काय करालीस?"

"पेढा खातेय."

"कशाचा गं?"

मी आलेखाचं सांगितलं. मग ऐटीत म्हणाले, "काल दुपारी तर तुमच्या लिंबेवाडीवरच होतो आम्ही. उपग्रहपण आणि आम्हीपण. काय झकास पाऊस होता तुमच्यावर!"

"कुणावर?" आक्कानं विचारलं.

"तुमच्यावर. लिंबेवाडीवर."

"वैजे, काल आमी वाकळा धुतल्या. दिसभर माळावर पसरल्या हुत्या. सांजच्याला खडखडीत वाळून घरात आल्या. तुजा पाऊस कुटनं गेला मदनं?"

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आमच्याकडची रीत. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर टाचून शिवलेली जाड गोधडी. ओली वाकळ एकटीला उचलत नाही, आणि पावसात भिजलेली वाकळ दोन दिवस वाळत नाही. त्यामुळे वाकळा धुतलेल्या दिवशी पाऊस आला की नाही, याबद्दल कुठल्याही बाईचा घोटाळा होणं शक्य नव्हतं.

"ढग आला नव्हता?" मी विचारलं.

"आल्ता की. चांगला काळाकुट्ट. वरनं पाऊस सुटल्यालाबी दिसत हुता, लोंबत. पर खाली काय आलं न्हाई. वरच्या वर गेला." मग तिचा आवाज बदलला. "ते ऱ्हाऊ दे. मी फोन दुसऱ्यासाटी केलाय. आज ग्रामसेवक सांगून गेला, उपग्रह म्हंतोय तुमच्याकडं पाऊस झाला, सारका व्हायलाय, म्हणून उद्यापासनं टँकर बंद. तळ्यात गुडघाभर गढूळ पानी हाय. वाकळंला चालतंय ते. पोटाला चालंल व्हय? त्या उपग्रहाचं काम तूच करतीस न्हवं?"

लिंबेवाडीत पाऊस मोजायचं यंत्र नव्हतं. अशा गावांसाठी त्या वर्षीपासून उपग्रहाचा आकडा धरायला सुरुवात झाली होती, आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान होता! आता कुठलंही गाव मोजमापाबाहेर राहणार नाही, असं आम्ही पत्रकारांना सांगितलं होतं.

"आक्का, उपग्रह चुकत नाही गं," मी म्हणाले. "आम्ही स्वतः ढगात जाऊन..."

"मग जरा खाली येऊन बग की!"

"बघते मी काय ते."

"वरनं?"

"वरनंच. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिनं मला कडेवर वाढवलंय. ती नुसतं 'बरं' म्हणाली की तिच्या डोक्यात काहीतरी ठरलेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या दिवशी माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी भिंतीवरच्या त्या आलेखाकडे बघत होते.

जवळ जाऊन मी एकेका उड्डाणाची उंची बघत गेले. हंगामभर आम्ही कुठवर खाली गेलो होतो? ढगाच्या बुडापर्यंत. त्याखाली कधीच नाही. ढगाखाली वारं बेभरवशाचं असतं, म्हणून नियमच तसा घातला होता. आणि उपग्रह? त्याचं रडारही जमिनीपर्यंत बघू शकत नाही. जमिनीवरून उलटणाऱ्या लखलखाटात शेवटचा किलोमीटरभर त्याला काही उमगतच नाही. तिथे तो वरचाच आकडा खाली ओढून धरतो.

"सर," मी म्हणाले, "आपली आणि उपग्रहाची साक्ष जुळली, कारण आपण दोघंही माळ्यावरूनच बघत होतो. खालच्या मजल्यावर कुणी गेलंच नाही."

मी आक्काचा फोन सांगितला. वाकळांचं सांगितलं. शेडमधले लोक हसले. रेगे हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला. पटलं नाही की ते चष्मा पुसायचे.

"वैजयंती, आपल्याकडे एकच उड्डाण उरलंय. ते नांदेडकडच्या मोठ्या ढगांसाठी ठेवलंय. तक्त्यात तेवढी एकच जागा रिकामी आहे. एका फोनवरून मी विमान कसं वळवू?"

"सर, ढगाच्या बुडाखालची हवा कोरडी ठणठणीत असते त्या भागात. इथली सोलापुरातली हवा बघा, लिंबेवाडीकडे तर त्याहून कोरडी. थेंब वरून सुटतात, पण वाटेतच वाळत असतील तर?"

"असतील. पण हा तर्क झाला. मोजलेलं काय आहे?"

"काही नाही. आपण मोजलंच नाही, तेच सांगतेय मी."

कॅप्टननी आपला अर्धा पेढा कागदावर ठेवला.

"आवळाबाई, तुम्ही काय सांगायलाय, कळतंय का तुम्हाला?" ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यातली थट्टा पार गेली होती. "पाऊस वाटेत वाळतो ना, तेव्हा हवा गार पडते. गार हवा जड. ती दगडासारखी खाली येते. त्याच्याखाली विमान घालायचं म्हणजे कोसळणाऱ्या भिंतीला टेकून उभं राहायचं."

"मग नको म्हणता?"

"नको म्हटलंय का मी? काय असतंय ते सांगितलं." त्यांनी रेग्यांकडे बघितलं. "भिंतीच्या खाली नाही, पण कडेकडेनं जाता येईल. पाऊस लोंबतोय त्याच्या उन्हाकडच्या अंगाला. परवानगी काढा, जमिनीपासून हजार फुटांपर्यंत. पण अट माझी. मी बास म्हटलं की बास. पुढं वाद नाही."

रेग्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बराच वेळ ते आलेखासमोर पाठमोरे उभे होते. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता नाहीच म्हणणार.

"मीही येतो विमानात," ते म्हणाले. "चुकलं असेल तर मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. आणि वैजयंती, त्या दिवशी तिथे खरोखर खाली पाऊस पडत असला, तर तुझ्या बहिणीचं गाव कायमचं 'पाऊस झाला' यादीत जाईल. आपल्याच हातांनी. हे ध्यानात आहे ना?"

ते माझ्या ध्यानात होतं. त्याच विचारानं पुढचे दिवस मला जेवण गेलं नाही.

कारण लगेच उडता येणार नव्हतं. उपग्रह दुपारच्या वेळी त्या भागावरून चार दिवसांनी जाणार होता. तोवर थांबणं आलं. टँकर सांगितल्याप्रमाणे बंद झाला. मी रोज फोन करायचे आणि रोज दाजीच उचलायचे. शेजारच्या गावातल्या एका विहिरीवरून बैलगाडीत पिंप टाकून पाणी आणतोय, म्हणाले. विहीरवाला भला माणूस आहे, पण त्याची विहीरही काही समुद्र नाही.

"आक्का कुठाय?" मी विचारायचे.

"माळाला गेलीया."

"रोज माळाला काय काम काढलंय तिनं?"

"तिला इचार. मला काय सांगतीया व्हय ती!" दाजी म्हणायचे आणि हसायचे.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही उडालो. पुढे कॅप्टन आणि सहवैमानिक, त्यांच्या मागच्या खुर्चीत मी, आणि माझ्या मागे यंत्रांच्या पडद्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले रेगे. लिंबेवाडीच्या टेकड्यांवर ढग होता. भला थोरला, काळा, आणि त्याच्या बुडाशी पावसाची करडी झालर लोंबत होती. सोलापूर सोडल्यापासून मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, की ढग असू दे. आता ढग दिसल्यावर वाटलं, आणि खाली पाऊस असला तर?

"वरून सुरू करू," मी माइकमध्ये म्हणाले. "उपग्रह येईपर्यंत मधल्या थरात पोचलं पाहिजे."

पहिली फेरी अगदी वर, शून्याखालच्या थंडीत. काचेबाहेर पांढरं काहीतरी भिरभिरत होतं. पडद्यावर रेग्यांना सावल्या दिसायला लागल्या, सहा पाकळ्यांच्या, चांदण्यांसारख्या.

"हिमकण," रेगे म्हणाले. "सुरेख आहेत हो अगदी."

"म्हणजे बर्फ पडालाय?" कॅप्टननी विचारलं. "ह्या दुष्काळी तालुक्यावर?"

"पावसाळ्यात दर मोठ्या ढगात पडतो," मी म्हणाले. "वाटेत वितळतो म्हणून कुणाला कळत नाही."

"खाली कुणाला सांगू नका. आधीच लोकांना कमी त्रास आहे का!"

पायऱ्या उतरावं तसं विमान गोल गोल खाली येत गेलं. पाकळ्या वितळून सावल्या गोल झाल्या. मग काचेवर सपासप पाऊस. मोठे थेंब, भरपूर. आवाजानं हेडफोनमधलंही ऐकू येईना. मी आवळासुपारीची अख्खी पुडी तोंडात रिकामी केली. रेगे आकडे ओरडून सांगत होते आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता. एवढा पाऊस! हा कुठला वाटेत वाळतोय?

"उपग्रह आता डोक्यावर आहे," रेगे म्हणाले. चारशे किलोमीटर उंचीवरून तो पापणी लवेपर्यंत निघून गेला. त्यानं काय लिहिलं असणार ते आम्हाला माहीत होतं. लिंबेवाडी, पाऊस, चांगला.

आम्ही ढगाच्या बुडातून बाहेर पडलो. हंगामभर आम्ही इथूनच परत फिरायचो.

"आता उन्हाच्या अंगाला घेतो," कॅप्टन म्हणाले. "आवळाबाई, पट्टा आवळा."

झालरीच्या कडेकडेनं विमान उतरायला लागलं. एका बाजूला करडा पाऊस, दुसऱ्या बाजूला लख्ख ऊन.

"थेंब बारीक व्हायला लागले," रेगे म्हणाले. पुढच्या पायरीला म्हणाले, "संख्यापण घटली." त्याच्या पुढच्या पायरीला ते काहीच बोलले नाहीत.

"सर?"

"आहेत अजून. थोडे. अगदी बारके."

थोडे म्हणजे नाही नव्हे. मला 'नाही' हवं होतं. 'थोडा का होईना पाऊस झाला' असं कागदावर आलं की टँकर पुन्हा बंदच राहणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात विमान बसलं. म्हणजे खुर्ची अंगाखालून निघून गेली, पेनं छताला लागली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आवळासुपारीसकट निघालं. कॅप्टननी इंजिनांना पूर्ण जोर दिला, विमान उन्हाकडे तिरकं काढलं आणि कितीतरी वेळानं, निदान मला तसं वाटलं, अंगाखाली पुन्हा टणक खुर्ची लागली.

"बास," कॅप्टन म्हणाले.

कुणी वाद घातला नाही. अटच तशी होती. मी रुमालानं तोंड पुसलं. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड वळवलं.

कॅप्टन गोल घेत सावकाश वर चढवत होते. मग त्यांनी मान वळवून झालरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वारं आता पलीकडं सरकलंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "धूळ तिकडं उडायलीया. ह्या अंगाला शांत आहे." मग माइकमध्ये, "एक फेरी देतो. सरळ जायचं, सरळ निघायचं. बास मी म्हटलं होतं, तो शब्द मीच मागं घेतो. एकच."

आम्ही हजार फुटांवर आलो. डोक्यावर तोच ढग, तीच करडी झालर लोंबत होती. काचेवर काही नव्हतं. एक टिपूससुद्धा नाही.

"शून्य," रेगे म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, "शून्य! वैजयंती, काही नाही इथे. हवा कोरडी आहे, कोरडी!"

आणि तेव्हा मी खाली बघितलं.

टेकडीच्या उतारावर वाकळा पसरल्या होत्या. लाल, हिरव्या, जांभळ्या, पिवळ्या काठांच्या. चार-दोन नाहीत, माळच्या माळ झाकला होता. एवढ्या छोट्या वाडीत इतकं अंथरूण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ओळीत, नीट, अंगणात पाट मांडावेत तशा, आणि मधोमध एक लाल, जांभळ्या चौकोनाची. बाजूला बाभळीखाली दहा-बारा बाया बसल्या होत्या. वर तो काळाकुट्ट ढग, त्यातून सुटलेला पाऊस, आणि त्यांच्यातली एकही उठून वाकळा गोळा करायला धावत नव्हती.

"किती निगुतीनं घातल्यात," मागून रेगे म्हणाले. त्यांनी कॅमेरा काढला आणि फोटो घेतला. वर झालर, खाली कोरड्या वाकळा, दोन्ही एकाच चौकटीत.

बाया उठल्या, पण वाकळांसाठी नाही. पदर हातात धरून हलवत होत्या. विमान दिसलं की खेड्यात सगळेच हात करतात, म्हणून मीही काचेतून हात केला.

परतीच्या वाटेवर रेगे फक्त एकदा बोलले. "पेढे परत गोळा करता येत नाहीत, नाही का?"

"कावळ्याचे दोन आहेत अजून," कॅप्टन म्हणाले. "तेवढे घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तेव्हा आलेख भिंतीवरच होता. रेग्यांनी तो उतरवला नव्हता. फक्त ठळक मथळ्याखाली स्वतःच्या हातानं तीन शब्द लिहिले होते, 'ढगाच्या बुडापर्यंत फक्त.' मग तो फोटो आणि आमचे उतरते आकडे घेऊन ते स्वतः जिल्ह्याच्या गावी गेले, तिथे अधिकाऱ्यांसमोर बसले आणि आपलंच वर्षभराचं काम कुठे तोकडं पडलं ते समजावून सांगितलं. असा माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी लिंबेवाडीचा टँकर सुरू झाला. आणि पुढच्या पावसाळ्यापासून अशा भागांसाठी उपग्रहाच्या आकड्यातून वाटेत जिरणारा पाऊस वजा करूनच तो आकडा धरायचा, असं ठरलं. ती वजाबाकी आम्ही बसवली. आणखी उड्डाणं मिळाली, आणखी तपासलं, सुधारलं. नांदेडकडच्या ढगांची ती रिकामी जागाही पुढच्या वर्षी भरली.

मी तो फोटो अनेक व्याख्यानांत दाखवला आहे. प्रत्येक वेळी मी तेच सांगायचे. बघा, वर एवढं सगळं चाललंय, उपग्रह, विमान, रडार, आणि खाली या बायांना कशाचा पत्ताही नाही. त्या आपल्या रोजच्या कामात आहेत. लोक टाळ्या वाजवायचे.

गेल्या दिवाळीत आक्काकडे गेले होते. लिंबेवाडीत आता नळ आला आहे. आक्काचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, पण तोंड तसंच आहे. माझ्या अंगावर घालायला तिनं एक वाकळ काढली. लाल, हिरव्या काठाची, मधोमध जांभळा चौकोन. मी बघतच राहिले.

"आक्का, ही तीच ना? माळावर होती ती? विमानातून दिसली होती मला."

"मग! मधोमध मीच घातली हुती. वळखू येईल म्हणून."

"ओळखू? म्हणजे?"

"आता म्हंजे काय? तुला दिसावी म्हणून."

"तुला कुठे माहीत होतं मी येणार आहे ते? मी तर तारीख कुणालाच सांगितली नव्हती."

"तारीक कुटं इचारली मी? तू म्हणालीस, वरनं बगते. मग वरनं तुला दिसणार काय? माजं त्वांड? म्हणून वाडीतल्या समद्या बायांस्नी सांगितलं, घरात आसंल नसंल ती वाकळ काडा. रोज दुपारी ढग आला की माळावर न्यून पसरायची आन् राकत बसायचं. चार दिस बसलो. इमान आलं तवा केवडा पदर हालवला, तर तू आपली हात करून गेलीस निगून."

इतकी वर्षं, इतकी व्याख्यानं, आणि खालच्या बायांना पत्ता नव्हता म्हणे.

"पण त्या तर पहिल्याच दिवशी वाळल्या होत्या. तू फोनवर म्हणालीस तसं."

"वाळल्याच हुत्या की! वाळल्याल्याच पसरल्या. वल्ल्या वाकळंनं काय कळलं असतं तुला?"

"आक्का, आणि खरंच पाऊस आला असता तर? सगळ्या वाडीचं अंथरूण भिजलं असतं. घट तोंडावर आलेले."

आक्कानं वाकळ झटकली, माझ्या खांद्यावरून ओढून घेतली आणि कडा नीट खोचल्या, मी लहान असताना खोचायची तशाच.

"येडी हायस का?" ती म्हणाली. "आला असता, तर पाऊस हुता. न्हाई आला, तर तू हुतीस."